दारान्त शब्द : प्रस्तावना

शब्दकोश चाळणाऱ्यास शब्दाची भेट नेहमी त्याच्या पहिल्या अक्षराच्या ओळखीने होते. अकारविल्हे लावलेल्या कोशात ‘तहसीलदार’ हा तहनामा आणि तहान यांच्या मध्ये कोठेतरी बसलेला आढळतो, ‘मिरासदार’ मिरवणुकीच्या आणि मिरीच्या आळीत मुक्काम करतो, आणि ‘जमीनदार’ व ‘इनामदार’ हे एकाच तऱ्हेच्या दफ्तरात वाढलेले, सनदेच्या कागदावर जगलेले आणि स्वातंत्र्यानंतरच्या एकाच दशकातील कायद्यांनी निकालात निघालेले दोन शब्द शेकडो पानांच्या अंतराने एकमेकांस पारखे होऊन राहतात. मोल्सवर्थ यांनी १८३१ साली आपला मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, १८५७ साली त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती काढली, आणि पुढे दाते-कर्वे प्रभृतींनी १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड सिद्ध केले, तेव्हा या सर्वांनी पत्करलेला क्रम हाच होता, आणि शोधणाऱ्याच्या सोयीसाठी तो योग्यच होता. परंतु ज्याला शब्द शोधावयाचा नसून शब्दांची भाऊबंदकी शोधावयाची आहे, त्याने तोच कोश शेवटच्या अक्षराकडून वाचावा, म्हणजे दूरदूरच्या पानांवर विखुरलेली माणसे एका पंगतीस येऊन बसतात.

पुढील पानांत जो संग्रह दिला आहे तो अशा उलट्या वाचनाचा आहे. ‘दार’ ही दोन अक्षरे ज्यांच्या अंती येतात असे मराठीतील जुने शब्द, विशेषतः राज्यकारभाराचे, जमिनीचे आणि शिपाईगिरीचे, त्यात एकत्र केले आहेत. आणि त्यांच्याबरोबरच, केवळ अक्षरसादृश्यामुळे त्या पंक्तीत घुसलेल्या परक्यांनाही एका निराळ्या भागात जागा दिली आहे. अक्षरांची समानता म्हणजे कुळाची समानता नव्हे, हे सांगण्यास असे परके फार उपयोगी पडतात.

संग्रहास आरंभ झाला तो केशोरी येथे, आणि त्याचे कारण ग्रंथालयात नव्हते, रस्त्यावर होते. केशोरी हे गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण अंगास, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गडचिरोलीच्या हद्दीनजीक वसलेले गाव. एका अंगास अरण्य, दुसऱ्या अंगास धानाच्या बांध्या, आणि गाढवी नदी अडवून केलेला इटियाडोहाचा जलाशय फारसा दूर नाही. अशा गावी एखादा मनुष्य सकाळपासून सायंकाळपर्यंत नुसता कान उघडे ठेवून बसला, तरी त्याच्या कानी ‘दार’ किती वेळा पडतो याची त्याने मोजदाद करू नये हे बरे. पोलीस ठाण्याचा अंमलदार येथे ठाणेदार; पुण्या-साताऱ्याकडे ज्याला लोक फौजदार म्हणतात त्याच्याहून हा एक पायरी वरचा, कारण तो ठाण्याचा मुख्य. तालुक्याचा अधिकारी तहसीलदार. पश्चिम महाराष्ट्रातील जुना मामलेदार या बाजूस कधी रुजला नाही. जंगलखात्याचा राखणदार जुन्या माणसांच्या तोंडी नाकेदार, तेंदूपानांच्या हंगामात येणारा तो ठेकेदार, धान खरेदीच्या केंद्रावर नाव लावून उभा असलेला शेतकरी तो खातेदार, आणि पाडव्यापासून पाडव्यापर्यंत ठरावीक मोबदल्यावर दुसऱ्याच्या शेतात राबणारा तो सालदार. येथल्या झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’चा ‘र’ होतो, त्यामुळे ठाणेदाराचा ठानेदार झाला, आणि ‘ह’ गळून तहसीलदाराचा तसीलदार झाला. शब्दाचे डोके बोलीने हवे तसे घासले, परंतु अंतीच्या ‘दार’ला तिने हात लावला नाही.

अंतीची अक्षरे टिकतात आणि आरंभीची झिजतात, असा काही सार्वत्रिक नियम आहे असे मात्र कोणी समजू नये. जुन्या इंग्रजीचा अभ्यास करणाऱ्यांस याच्या उलट अनुभव येतो. त्या भाषेत ‘वेअर्ड’ हा राखण करणाऱ्याचा वाचक शब्द होता आणि तो इतर शब्दांच्या अंती जडून अधिकाऱ्यांची नावे सिद्ध करीत असे. घराची, दिवाणखान्याची राखण करणारा तो पुढे ‘स्ट्यूअर्ड’ झाला, आणि त्याच्या अंती ती जुनी अक्षरे आजही डोळ्यांस दिसतात. परंतु ‘ह्लाफवेअर्ड’, म्हणजे भाकरीचा राखणदार, हा शब्द शतकानुशतके जिभांवर घोळून इतका आक्रसला की त्याचा ‘लॉर्ड’ झाला, आणि इंग्लंडातील उमरावाच्या पदवीत भाकरी आहे आणि तिचा पहारेकरीही आहे हे कोशकाराने सांगितल्यावाचून कोणास उमगेना. उलटपक्षी, ‘किंग्डम’ आणि ‘विज्डम’ यांच्या अंती जो ‘डम’ आहे तोच ‘सेल्डम’ या शब्दाच्या अंती पाहून कोणी त्याला त्याच कुळातला मानू लागला तर फसेल. ‘सेल्डम’मधली ती अक्षरे जुन्या विभक्तीचा अवशेष आहेत, आणि ‘रँडम’ तर जुन्या फ्रेंच भाषेतून आलेला परदेशी आहे. एका अक्षरगुच्छाखाली सोयरे आणि तोतये एकत्र नांदतात, ही गोष्ट इंग्रजीत जितकी खरी आहे तितकीच मराठीत खरी आहे.

आता मूळ ‘दार’कडे वळू. फारसीत ‘दाश्तन’ म्हणजे धरणे, बाळगणे, जवळ असणे. त्या धातूचे वर्तमान रूप ‘दार’, आणि ते नामास जोडले की त्या वस्तूचा धारण करणारा असा अर्थ होतो. ज्याच्या हाती किल्ला तो किल्लेदार, ज्याच्या हाती ‘चोब’ म्हणजे काठी तो चोपदार, ज्याच्या अंगी ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र तो शिलेदार, ज्याच्या हवाली काही केले तो हवालदार, ज्याच्या खांद्यावर ‘बेल’ म्हणजे फावडे तो बेलदार. ‘सर’ म्हणजे मस्तक. ते धारण करणारा तो सरदार, यात थोडी गंमत आहे, कारण मस्तक सर्वांसच असते. ‘ना’ जोडला की काहीच जवळ नसलेला तो नादार. आणि गरीब विद्यार्थ्यास फी माफ झाली म्हणजे त्याला ‘नादारी’ मिळाली असे आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत लोक बोलत, तेव्हा आपण फारसीतला नकार उच्चारीत आहो याची कोणास शंकाही येत नसे.

हा धातू मूळचा आपल्या घरापासून फार दूरचा नाही. प्राचीन इराणी भाषांतील ‘दर्’ आणि संस्कृतातील ‘धृ’ हे एकाच उगमाचे दोन प्रवाह आहेत, कारण ज्या ठिकाणी संस्कृताने महाप्राण राखला त्या ठिकाणी इराणी भाषांनी तो सोडून दिला. इराणचा सम्राट, ज्याला ग्रीकांनी दारयस म्हटले, त्याचे स्वभाषेतील नाव ‘दारयवहुश’ असे होते, आणि त्याचा अर्थ कल्याण धारण करणारा. हेच नाव संस्कृतात घडविले असते तर ‘धारयद्वसु’ असे काहीतरी झाले असते. तेव्हा गिरिधर, महीधर, चक्रधर यांच्या अंती जो ‘धर’ आहे त्याचा आणि जमीनदाराच्या अंतीच्या ‘दार’चा संबंध चुलतभावाचा होय. महीधर या शब्दाने आपल्याकडे पर्वताचा बोध झाला आणि जमीनदार या शब्दाने सारा वसूल करणाऱ्याचा, हा भेद भाषाशास्त्राने केलेला नाही, राज्यकर्त्यांनी केलेला आहे.

राज्यकर्त्यांची गोष्ट निघाली आहे तर ती थोडी विस्ताराने सांगणे भाग आहे. दक्षिणेतील सुलतानांच्या कारकिर्दीत मुलकी आणि लष्करी कारभाराचे बहुतेक शब्द फारसी झाले, आणि मराठी माणूस त्या कारभारात जसजसा शिरला तसतसे ते शब्द त्याच्या घरात शिरले. १६७४ साली शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला तेव्हा अष्टप्रधानांस संस्कृत नावे देण्यात आली. पेशव्याचा पंतप्रधान झाला, सरनौबताचा सेनापती झाला, डबीराचा सुमंत झाला, आणि आपल्या संग्रहास ज्याच्याशी कर्तव्य आहे तो मुजुमदार अमात्य झाला. त्याच हेतूने राजव्यवहारकोश रचला गेला, ज्यात कारभारातील सुमारे १४०० परकीय शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले. एवढा थोर संकल्प, एवढ्या थोर पुरुषाची आज्ञा. तथापि परिणाम पाहिला तर पंतप्रधान हा शब्द काही शतके पोथीत विश्रांती घेऊन स्वतंत्र भारतात पुन्हा बाहेर आला, पेशवा हा शब्द मात्र पुण्यात गादीवर बसला, आणि अमात्य हे पद इतिहासात राहिले तर मुजुमदार हे आडनाव आज कोणत्याही शहरात सापडेल.

आडनावांत या शब्दांनी जो आश्रय घेतला तो त्यांना कोणत्याही फर्मानाने मिळाला नसता. इनामदार, जहागीरदार, मिरासदार, किल्लेदार, सुभेदार, दफ्तरदार, जामदार, पोतदार ही नावे धारण करणाऱ्या कुटुंबांत आज कोणी इनाम खात नाही, कोणी किल्ल्याची किल्ली कमरेस लावीत नाही, आणि जामदारखान्यातील वस्त्रे-रत्ने मोजण्याचे काम कोणाकडे राहिलेले नाही. परंतु दत्तो वामन पोतदार हे नाव घेताना आपण एका इतिहाससंशोधकाच्या पूर्वजांच्या हातातील खजिन्याची थैलीही नकळत उच्चारतो, कारण पोतदार म्हणजे मूळचा ‘फोतादार’, सरकारी पैशाची पारख आणि राखण करणारा. इतिहासाचा पुरावा शोधण्यात आयुष्य वेचणाऱ्या विद्वानाचे आडनावच एक पुरावा असावे, हा योगायोग सुंदर आहे.

येथवरचा इतिहास सर्व महाराष्ट्राचा झाला. पूर्व विदर्भाचा इतिहास यापुढे वेगळ्या वाटेने जातो, आणि या संग्रहातील जे शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकास अनोळखी वाटतील ते बहुतेक याच वाटेवरचे आहेत. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत परगण्याचा वसूल पाहणारा कमाविसदार होता. त्याच्याही पूर्वी चांद्याच्या गोंड राजवटीत जो मनुष्य रान मोडून वस्ती करील वा तलाव बांधील त्याला सवलतीने जी जमीन मिळे ती तुकूम, आणि तिचा धारक तो तुकूमदार. चंद्रपूर आणि गडचिरोलीकडे गावांच्या व वस्त्यांच्या नावांत ‘तुकूम’ हा शब्द आजही राहिला आहे, आणि त्याचा अर्थ विचारला तर पुष्कळदा ‘नावच आहे ते’ असे उत्तर मिळते. डिसेंबर १८५३ मध्ये तिसऱ्या रघूजींचे निधन झाले, राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत अस्तित्वात आला, आणि पुढच्या बंदोबस्तात ब्रिटिशांनी गावच्या पाटलास, म्हणजे ज्याच्याकडून ते सारा घेत होते त्याला, गावाचा मालक ठरविले. हा मालगुजार. त्याच्या अंती ‘दार’ नाही, ‘गुजार’ आहे, म्हणजे भरणा करणारा. परंतु एका गावात अनेक मालगुजार हिस्सेदार निघाले की सरकारास जबाब देण्यासाठी त्यांतून एकास नेमावे लागे, आणि १८८१ च्या मध्यप्रांत जमीन महसूल कायद्यात ज्याचे पद पक्के झाले तो लंबरदार.

लंबरदार हा या संग्रहातील माझा सर्वांत आवडता शब्द आहे, हे येथे कबूल करावयास हरकत नाही. त्याच्या आरंभी इंग्रजी ‘नंबर’ आहे, शेतकऱ्याच्या जिभेने ‘न’चा ‘ल’ केला आहे, आणि अंती इराणातून आलेला ‘दार’ आहे. लंडनच्या हिशेबाची पद्धत आणि इस्फहानचे व्याकरण यांची गाठ भंडाऱ्याच्या एखाद्या खेड्यातील चावडीवर पडावी, आणि त्या दोघांस एका धोतर नेसलेल्या मनुष्याने आपल्या नावामागे लावून मिरवावे, याहून अधिक नाट्यमय लग्न भाषेच्या इतिहासात क्वचित लागले असेल. राजव्यवहारकोशाच्या कर्त्यास हा शब्द दाखविला असता तर त्याने कोणते संस्कृत नाव सुचविले असते याचा तर्क करणे मनोरंजक आहे. परंतु गावकऱ्यास तो शब्द जड वाटला नाही, आणि शुद्धाशुद्धाचा शेवटचा निवाडा तोच करीत असतो.

मालगुजारी १९५० च्या मध्यप्रदेशातील मालकी हक्क संपुष्टात आणणाऱ्या कायद्याने संपली. ३१ मार्च १९५१ रोजी ते हक्क सरकारात विलीन झाले. गावतलाव सरकारकडे गेले, परंतु त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ हे नाव चिकटले, आणि कागदोपत्री त्यातील पहिल्या दोन शब्दांच्या आद्याक्षरांचा ‘मामा तलाव’ झाला. धानाच्या पेऱ्यास पाणी देणारा मामा आजही येथल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी आहे. निस्तार हा शब्दही याच व्यवस्थेतून उरलेला, गावाने रानातून लाकूड, गवत, माती घ्यावयाचा हक्क. वाजिब-उल-अर्ज नावाच्या कागदात गावच्या अशा रूढी नोंदलेल्या असत. कायदा गेला, मालक गेला, आणि शब्द मात्र तलावाच्या पाळीवर बसून राहिले.

जमिनीच्या कागदावर यापुढे जे घडले त्यात आपल्या विषयाचे सर्व मर्म आहे. मालगुजारी काळात ज्या शेतकऱ्याच्या शेतावर त्याचा स्वतःचा मालकी हक्क मान्य झाला होता त्याला ‘मालिक मकबूजा’ म्हणत. भंडारा जिल्हा मध्यप्रदेशात असताना त्या राज्याने १९५४ साली जी महसूल संहिता केली तिने शेतकऱ्यास दोन नवी, ठणठणीत संस्कृत नावे दिली, भूमिस्वामी आणि भूमिधारी. १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता अंमलात आली, तेव्हा भूमिस्वामी गेला आणि सातबाऱ्यावर त्याच्या जागी ‘भोगवटादार’ आला, वर्ग १ आणि वर्ग २. म्हणजे केशोरीच्या एखाद्या शेताने एका मनुष्याच्या हयातीत अरबी नाव पाहिले, संस्कृत नाव पाहिले, आणि अखेर पुन्हा मराठमोळ्या देहास फारसी शेपूट असलेले नाव पाहिले. ‘दार’ने ‘धारी’ला हटविले, दोघेही एकाच धातूचे, हे त्या तलाठ्यास ठाऊक असण्याचे कारण नव्हते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून फुटून गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्याने कचेरीची पाटी बदलली, कागदावरचा भोगवटादार तसाच राहिला.

धरणे या क्रियेला कर्ता असतो आणि कर्म असते, परंतु ‘दार’ जोडलेल्या शब्दांत कोण कोणास धरून आहे हे प्रत्येक वेळी तपासून पाहावे लागते. जमीनदार जमीन धरतो, इनामदार इनाम धरतो, यात संशय नाही. कर्जदार कर्ज धरतो असे व्याकरण म्हणते; सावकाराच्या वहीत नाव असलेल्या माणसास विचारले तर कर्जाने आपल्याला धरले आहे असे तो सांगेल. सालदार तर याहून विलक्षण आहे. व्याकरणाप्रमाणे तो वर्षाचा धनी. प्रत्यक्षात वर्ष त्याचे धनी, आणि ते संपण्यापूर्वी घेतलेली उचल फिटली नाही तर पुढचे वर्षही. जबाबदार म्हणजे ज्याच्याकडे जबाब आहे तो, आणि आपल्या कचेऱ्यांतील अनुभव असा की पुष्कळांकडे पद असते, जबाब नसतो. प्रत्यय एकच, परंतु तो माणसाला सत्तेच्या कोणत्या टोकास उभे करील हे त्याच्या आधीच्या नामावर अवलंबून असते. म्हणून या संग्रहात प्रत्येक शब्दापुढे त्याचा अर्थ देताना धरणारा कोण आणि धरला गेलेला कोण हे शक्य तेथे स्पष्ट केले आहे.

मराठीने हा प्रत्यय उसना घेतला खरा, परंतु उसनवारीच्या वस्तूस जो संकोच असतो तो तिने लवकरच टाकला. चवदार, पाणीदार, डौलदार, तडफदार, समजूतदार, धारदार हे शब्द कोणत्याही फारसी मुनशीने लिहून दिलेले नाहीत; ते स्वयंपाकघरात, तालमीत आणि शेताच्या बांधावर जन्मले आहेत. पाणीदार मोती, पाणीदार घोडा आणि पाणीदार माणूस या तिन्हींत पाण्याचा जो अर्थ आहे तो मराठीत पुरता मुरला आहे. एवढेच करून ती थांबली नाही, तर जेथे प्रत्ययाची गरजच नव्हती तेथेही तिने तो लाविला. साक्षी या शब्दाचाच अर्थ साक्ष देणारा असा आहे, तरी आपण साक्षीदार म्हणतो. वारस हाच हक्क सांगणारा, तरी वारसदार म्हणतो. जामीन हा मूळ अरबीत हमी राहणारा मनुष्य, परंतु आपल्याकडे त्याची हमी झाली आणि मनुष्यासाठी जामीनदार हा नवा शब्द करावा लागला. व्याकरणाचा कडक परीक्षक याला द्विरुक्ती म्हणेल. मला असे वाटते की ‘दार’ लागल्याने त्या मनुष्यास समाजात एक हुद्दा प्राप्त होतो. नुसता साक्षी हा कोर्टाबाहेर अध्यात्मातही सापडतो, साक्षीदार मात्र पिंजऱ्यात उभा राहून शपथ घेतो.

भाषाशुद्धीच्या चळवळीने विसाव्या शतकात पुष्कळ शब्दांस गावाबाहेर काढले आणि काही फार सुंदर नवे शब्द दिले, याबद्दल मराठी सदैव ऋणी राहील. त्या चळवळीची एक बाजू माधव जूलियन यांच्या चरित्रात चांगली दिसते. फारसीचे अध्यापक असलेल्या या कवीने १९२५ साली फार्शी-मराठी कोश सिद्ध केला, आणि त्यानेच पुढे १९३८ साली भाषाशुद्धि-विवेक लिहून परकीय शब्दांचा मोह टाकण्याचा उपदेश केला. ज्याला शत्रूच्या घरातील प्रत्येक खोली माहीत आहे असा मनुष्य पहाऱ्यास उभा करावा, तसा हा प्रकार. परंतु चळवळीची दृष्टी शब्दांवर होती, आणि ‘दार’ हा शब्द नव्हता. ज्या वेळी लोकशाही आली आणि तिच्यासाठी नवी नावे हवी झाली, त्या वेळी संस्कृत ‘मत’ला ‘दार’ जोडून मतदार केला गेला. विधिमंडळात जाणारा आमदार झाला आणि लोकसभेत जाणारा खासदार झाला. ‘आम’ आणि ‘खास’ हे मोगली दरबाराचे शब्द. दिवाण-इ-आम आणि दिवाण-इ-खास यांच्या वाटेने लोकप्रतिनिधीने सभागृहात प्रवेश केला. हिंदीने ‘विधायक’ आणि ‘सांसद’ स्वीकारले. मराठी माणूस आमदारकीवरच संतुष्ट आहे, आणि निवडणुकीच्या दिवसांत तर फारच संतुष्ट असतो.

अलीकडे सरकारी लेखनात ‘धारक’ फार फोफावला आहे, त्याची दखल घेतली पाहिजे. शिधापत्रिकाधारक, परवानाधारक, भूखंडधारक, पदवीधारक अशी त्याची प्रजा रोज वाढते. एकाच बँकेच्या दोन कागदांवर एकीकडे खातेदार आणि दुसरीकडे खातेधारक छापलेला मी पाहिला आहे. तथापि या दोहोंत सूक्ष्म भेद पडत चालला आहे असे माझे निरीक्षण आहे. धारकाच्या हाती एक कागद असतो, आणि तो कागद हरवला वा त्याची मुदत संपली की धारकत्वही संपते. दाराच्या हाती मान असतो किंवा भार असतो. परवानाधारक म्हणून कोणाची ओळख गावात होत नाही, दुकानदार म्हणून होते. शिधापत्रिकाधारक हा रांगेत उभा राहतो आणि दुकानदार काट्यापाशी बसतो. दोन्ही प्रत्यय एकाच धातूचे असूनही मराठीने त्यांच्यात काउंटर उभा केला आहे.

आता तोतयांविषयी. संग्रहाच्या दुसऱ्या भागात त्यांची यादी आहे, आणि ती वाचताना वाचकाने ‘दार’ दिसला की प्रत्यय समजण्याची घाई करू नये. ‘देवदार’ हा संस्कृत देवदारु, देवांचे लाकूड. अंतीचा ‘उ’ गळाल्यामुळे तो सरदारांच्या पंक्तीस येऊन बसला आहे. ‘गद्दार’ अरबी आहे आणि त्याच्या पोटी ‘गदर’ आहे. त्यात धरण्याचा अर्थ नाही, सोडून देण्याचाच आहे. ‘उदार’ आणि ‘मंदार’ शुद्ध संस्कृत. ‘खरीदार’ हा सर्वांत लबाड, कारण फारसीत तो ‘खरीद’ आणि ‘आर’ असा फुटतो. मराठीला त्याचा ‘दार’ अपुरा वाटला म्हणून तिने ‘खरेदीदार’ केला आणि खरा प्रत्यय लावून ती मोकळी झाली. घराचे ‘दार’ हे संस्कृत द्वाराचे प्राकृतातून आलेले रूप, आणि ‘दारू’ हे फारसीत औषधाचे नाव, ज्याने आपल्याकडे येताना तोफेत एक पाय ठेवला आणि गुत्त्यात दुसरा. या सर्व तोतयांत मला सर्वांत प्रिय आहे तो ‘केदार’. हिमालयातील देवस्थान आणि रात्रीचा राग यांमुळे आपण त्या शब्दास उंचावर पाहतो. संस्कृतात केदार म्हणजे बांध घालून पाणी साठविलेले शेत, विशेषतः भाताचे. पऱ्हे उपटून रोवणीस सज्ज झालेली केशोरीची कोणतीही बांधी ही संस्कृताच्या दृष्टीने केदार आहे, आणि तिच्यात गुडघाभर चिखलात उभी असलेली बाई कोणत्याही फारसी अर्थाने ‘दार’ नाही. सातबाऱ्यावर तिचे नाव क्वचितच असते.

यावरून स्त्रियांच्या शब्दांचा उल्लेख करणे प्राप्त झाले. जुन्या मराठीत सुभेदारीण, इनामदारीण, दुकानदारीण अशी रूपे होत, आणि त्यांतील पहिल्या दोहोंचा अर्थ बहुधा सुभेदाराची बायको, इनामदाराची बायको एवढाच असे; दुकानदारीण मात्र स्वतः काट्यास बसे. आज स्त्री तहसीलदार होते तेव्हा तिला कोणी तहसीलदारीण म्हणत नाही, आमदार स्त्रीस आमदारीण म्हणण्याचे धाडस कोणी करीत नाही. प्रत्यय उभयलिंगी झाला आहे आणि क्रियापदावरून काय तो बोध होतो. म्हणून ‘दारीण’ अंती येणारे शब्द वेगळे काढून तिसऱ्या भागात दिले आहेत, आणि ज्यांत पदाचा अर्थ आहे त्यांच्यापुढे खूण केली आहे.

रचनेविषयी थोडे सांगून थांबतो. शब्द आधीच्या नामाच्या मुळाप्रमाणे लावले आहेत: प्रथम फारसी-अरबी नामास ‘दार’ लागलेले, नंतर संस्कृत वा देशी नामास लागलेले, अखेर इंग्रजी नामास लागलेले, या शेवटच्या वर्गात लंबरदाराला सोबत कमी आहे. प्रत्येक वर्गात क्रम अकारविल्हेच ठेवला आहे. तहसीलदार, ठाणेदार यांसारख्या शब्दांची झाडीबोलीतील रूपे मूळ शब्दाखालीच दिली आहेत, त्यांना अशुद्ध म्हणून वेगळे पाडलेले नाही. मालगुजार, मुकद्दम, पटवारी, कोतवाल हे शब्द दारान्त नसल्यामुळे नियमाने बाहेर राहावयास हवे होते. परंतु लंबरदार ज्या चावडीवर बसे तेथून या चौघांस उठविणे उचित न वाटल्याने त्यांचे अर्थ त्याच्याच टिपेत घातले आहेत.